कसदार पाणी

तिमझार गावात कुणाचं लग्न ठरो, कुणाला मूल होवो, नाहीतर बदामाच्या झाडावरून जुंपलेलं भांडण मिटो, चहाचं तबक दा बीहींच्याच पुढ्यात यायचं. ‘दा’ म्हणजे थोरला भाऊ. पण बीहींना त्यांचा सख्खा थोरला भाऊसुद्धा दा म्हणत असे, यावरून काय ते समजावं. साखरेच्या सुळक्यावर त्यांची छोटी हातोडी पडली की बैठकीतली बडबड आपोआप थांबायची. मग चहादाणी हातभर उंच जायची, बारीक धार पेल्यात पडायची आणि पेल्यावर फेसाचा असा फेटा बसायचा की नवरदेवानेही बघत राहावं.

या चहाचं श्रेय ते पुदिन्याला देत नसत आणि, नवल म्हणजे, स्वतःच्या हातालाही देत नसत.

“सगळं पाण्यात आहे,” ते म्हणायचे. “पाणी कसदार पाहिजे. बाकी मग कुणीही करावा चहा. अर्थात माझ्यासारखा नाही होणार, पण करावा.”

हा कस होता गावच्या जुन्या टाक्याच्या पाण्यात. टाकं त्यांच्या वडिलांच्या पिढीने खडकात खोदलेलं. वरच्या अंगाला दगडी फरशीचा मोठा उतार. पाऊस पडला की पाणी त्या फरशीवरून वाहत यायचं, एका भोकातून टाक्यात उतरायचं आणि वर्षभर पुरायचं. बाजाराच्या दिवशी लोक दा बीहींच्या डोळ्यांवर रुमाल बांधून चहाचे पेले पुढे ठेवत, आणि ते एका घोटात सांगत: हे झऱ्याचं, हे विहिरीचं, हे आपलं. शेजारच्या तिस्सली गावाच्या टाक्याचं पाणी ओठांना लागलं की ते पेला लगेच खाली ठेवत. “हे काय पाणी? हे नुसतं ओलं आहे.” तिस्सलीचे लोक हे ऐकून खट्टू व्हायचे, पण उलट बोलायची कुणाची छाती नव्हती.

आणि मग गावात नळ आला. दूर खाली खोल बोअर मारून पाणी डोंगरावर चढवलं, घरोघर पोचवलं, आणि ते सांभाळायचं काम गावातल्या बायकांच्या मंडळाकडे आलं. त्या पाण्यात क्लोरीनचे थेंब मोजून टाकण्याचं काम कलथूमचं. पहिल्या दिवशी सगळ्या गावाने दा बीहींना नळाच्या पाण्याचा चहा करायला बसवलं. त्यांनी केला, एक घोट घेतला, तोंड असं वाकडं केलं की समोर बसलेल्यांची तोंडंही वाकडी झाली, आणि एकच शब्द उच्चारला.

“दवाखाना.”

झालं. त्या दिवसापासून नळाच्या पाण्याचं नावच ‘दवाखाना’ पडलं. बायका दवाखान्याने कपडे धुवायच्या, पुरुष दवाखान्याने पाय धुवायचे आणि प्यायला मात्र टाक्यावरून डबे भरून आणायचे. जे पाणी दा बीहींच्या चहाला चालत नाही ते आपण कसं प्यायचं, असा साधा हिशेब होता.

यातलं खरं दुखणं पुढेच आहे. कलथूम ही दा बीहींचीच सून. तिचा नवरा मबारक कासाब्लांकाला वाण्याचं दुकान चालवायचा आणि ईदला घरी यायचा. घरात सासरा, सून आणि सात वर्षांची तिलीला, एवढीच माणसं. दा बीहींची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तिच्यामागे त्यांचा जीव अडकला होता तो या नातीत. तिलीला त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायची, पुदिन्याची पानं निवडायची, आणि आजोबा जे करतील ते करायची. कलथूमने नळाचं पाणी वेगळ्या माठात भरून ठेवलं तर ती एक घोट तोंडात घ्यायची, तोंड वाकडं करायची आणि हुबेहूब आजोबांच्या आवाजात म्हणायची, “दवाखाना!” मग पळत जाऊन आजोबांच्या माठातून टाक्याचं पाणी गटागटा प्यायची. दा बीहींना त्याचं किती कौतुक!

उन्हाळा सरत आला, टाक्याचा तळ दिसायला लागला की पोरगी आजारी पडायची. उलट्या, जुलाब, डोळे खोल. या वर्षी तर तिला खालच्या बाजारगावी नेऊन सलाईन लावावं लागलं. नर्सबाईंनी एकच विचारलं, “पाणी कुठलं पिते?” घरी आल्यावर तिलीलाला झोपवून कलथूम सरळ सासऱ्यांसमोर येऊन बसली.

“बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय.”

“बोल की.”

“मारूफचं गावजेवण झालं की मी तिलीलाला घेऊन कासाब्लांकाला जाणार. मबारकशी बोलले मी. दुकानामागे एक खोली आहे, त्यात राहू.”

दा बीहींच्या हातातली हातोडी तशीच राहिली. “खोलीत? अगं, त्या खोलीत तेलाचे डबे ठेवायला जागा नाही!”

“डब्यांवर झोपू. पण तिथे पोरगी नळाचं पाणी पिईल.”

“म्हणजे सगळा दोष माझ्या पाण्याचा? अगं पोरी, सत्तर वर्षं मी हेच पाणी पितोय. कधी पोट दुखलं माझं? कधी बघितलंस?”

“बाबा, तुम्ही पाणी पिताच कुठे?” कलथूमचा आवाज चढला नाही, पण शब्द नेमके बसले. “सकाळी चहा, दुपारी चहा, संध्याकाळी चहा. साधं पाणी तुमच्या घशाखाली उतरलेलं मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नाही. तुमचं पाणी उकळून पोटात जातं. तिचं तसंच जातं.”

वर्मावर बोट पडलं की माणसं करतात तेच दा बीहींनी केलं. ते रागावले.

“माझी जीभ आजवर चुकलेली नाही! टाक्याच्या पाण्यात घाण असती तर हिला पहिल्यांदा कळली असती. ऐक, ज्या दिवशी या जिभेला त्या पाण्यात खोट सापडेल, त्या दिवशी मी स्वतः सगळ्या गावाला नळाच्या पाण्याचा चहा पाजीन. झालं?”

“झालं,” कलथूम म्हणाली आणि उठून कणीक मळायला गेली. तिला या बोलण्यात काही राम वाटला नाही. जी जीभ टाक्याच्या पाण्यावर भाळली आहे तिला खोट सापडणार कुठून?

पाऊस यायच्या आधी पुरुषांनी नेहमीप्रमाणे टाकं उपसून आतून घासलं. त्याच सुमाराला गावात आणखी एक किरकोळ घडामोड झाली. दा बीहींचा बालमित्र इद्दर याच्या मुलाने अगादीरहून त्याला मालवाहू तीनचाकी पाठवली, तेव्हा इद्दरने आपलं खेचर लेकीच्या सासरी देऊन टाकलं. खेचराला तो ‘लल्ला’ म्हणायचा, म्हणजे बाईसाहेब. लल्ला जाताना इद्दर रडला, लल्ला काही रडली नाही. बाकी गावाने तीनचाकीचा भोंगा ऐकून कानांवर हात ठेवले आणि विषय संपला.

मग पाऊस आला आणि चांगला आला. टाकं काठोकाठ भरलं. नव्या पाण्याचा पहिला चहा नेहमी मशिदीसमोरच्या ओट्यावर व्हायचा. दा बीहींनी केला, पेला नाकाशी नेला, घोट घेतला, आणि त्यांच्या कपाळावर आठी उमटली. त्यांनी दुसरा घोट घेतला. मग पेला खाली ठेवून ते चहादाणीकडे असे बघायला लागले, जणू तिनेच त्यांना फसवलं होतं.

“काय झालं, दा?” लोकांनी विचारलं.

“पाण्याचा कस गेला.”

“म्हणजे?”

“म्हणजे गेला! हे पाणी नुसतं ओलं आहे!”

हा शब्द आजवर फक्त तिस्सलीच्या वाट्याला आला होता. लोकांनी आपापले पेले पुन्हा चाखून बघितले. खरं सांगायचं तर कुणालाच काही फरक कळला नव्हता, पण सगळ्यांनी माना हलवल्या.

दा बीही तडक घरी आले. “कलथूम! टाक्यात तुझे थेंब टाकलेस ना?”

“नाही, बाबा.”

“खरं सांग.”

“तिलीलाच्या गळ्याची शपथ, नाही टाकले. टाकले असते तर तुम्हाला वास आला नसता का?”

तेही खरंच. वास नव्हता. वासच काय, काहीच नव्हतं. तेच तर त्यांना खुपत होतं. शुक्रवारच्या नमाजानंतर सगळे पुरुष बाहेर पडले तेव्हा दा बीही पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, “ऐका सगळे! आपल्या टाक्याचं काहीतरी हरवलंय. काय ते मला माहीत नाही, पण मी ते शोधून काढणार, आणि मारूफच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगणार. माझा शब्द आहे.”

त्या दिवसापासून सत्तरीचा माणूस पोरासारखा टाक्याभोवती फिरायला लागला. फरशीच्या फटीत उगवलेलं जंगली ओव्याचं झुडूप या वर्षी सुकलंय हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी डोंगरावरून जुडी आणून माठात टाकली. चहाला खोकल्याच्या काढ्याची चव आली. टाक्याचं जुनं लाकडी झाकण बदललं होतं. त्यांनी जुन्या झाकणाचा तुकडा शोधून पाण्यात भिजवला. चहाला जुन्या झाकणाची चव आली. एके दुपारी ते फरशीवर चक्क पालथे पडून दगड हुंगत होते, तेव्हा इद्दर तीनचाकीवरून तिथे आला.

“बीही, दगड काही बोलला का?”

“जा तू. भोंगा वाजव जा.”

“अरे, तिस्सलीला चल माझ्याबरोबर. लेकीला मुलगा झालाय, आज नाव ठेवायचंय. तुझं डोकंही जरा थंड होईल.”

दा बीही कुरकुरत तीनचाकीत पिठाच्या पोत्यावर बसले. तिस्सलीत मेंढा कापला होता, बाजरीसारख्या बारीक दाण्याचा कुसकुस वाफाळत होता, बायका गात होत्या. जेवण झालं आणि चहा आला. यजमान बिचारा घाबरलेलाच होता. दा बीहींसमोर तिस्सलीच्या पाण्याचा चहा ठेवायचा म्हणजे आपण होऊन थप्पड मागून घ्यायची. दा बीहींनी केवळ रीत म्हणून पेला उचलला आणि ओठांना लावला.

त्यांचे डोळे मिटले. ते बराच वेळ उघडेनात.

“काही चुकलं का, दा?” यजमानाने विचारलं.

“पाणी कुठलं?”

“आमच्याच टाक्याचं की.”

“खोटं बोलू नकोस!” दा बीही ताडकन उठले. डोळ्यांत पाणी तरळलं होतं. “हे आमचं पाणी आहे! हा कस मी ओळखतो, याच्यावर मी म्हातारा झालो! तुम्ही आमचं पाणी पळवलंत!”

“पळवलं? दा, पाणी कसं पळवणार?”

“ते तुम्हालाच ठाऊक! तुमचं टाकं बघायचंय मला, आत्ताच्या आत्ता!”

“चल, मी दाखवतो,” म्हणत इद्दरने त्यांच्या जेलाब्याची, त्या लांब झग्याची, बाही धरली. “उगाच बारशात तमाशा नको.”

दोघे गावाबाहेर आले. तिस्सलीचं टाकं तिमझारसारखंच होतं. तसाच दगडी फरशीचा उतार, तसंच भोक. उताराच्या वरच्या कोपऱ्यात अर्गनच्या झाडाची गार सावली, आणि त्या सावलीत, ऐन फरशीवर, खुंट्याला बांधलेली लल्ला उभी होती.

लल्लाने दोघांना ओळखलं. कान पुढे केले. मग शेपटी उचलली आणि दा बीही इतके दिवस गावभर विचारत फिरत होते त्या प्रश्नाचं उत्तर भरपूर प्रमाणात फरशीवर टाकलं.

दा बीहींची नजर फरशीवरून उताराकडे गेली, उतारावरून भोकाकडे गेली आणि तिथेच थांबली. आपल्या गावचा उतारही त्यांना दिसायला लागला. तिथलं अर्गनचं झाड, तिथली सावली, तिथला खुंटा. रोज दिसणारी गोष्ट होती ती. सावली आहे म्हणून खेचर बांधायचं, यात बघण्यासारखं काय होतं? इद्दरला समजायला जरा वेळ लागला, पण समजलं तेव्हा तो जागच्या जागी खाली बसला.

“बीही…”

“गप्प बस.”

“तो कस…”

“इद्दर, तुझ्या पाया पडतो, गप्प बस.”

“अरे, माझी लल्ला!” इद्दर हसून हसून आडवा झाला होता. “आणि तिच्या आधी माझ्या बापाचं खेचर होतं रे तिथेच! पिढ्यान्‌पिढ्यांची चव आहे ती!”

परतीच्या वाटेवर तीनचाकी खडखडत होती आणि दा बीही पोत्यावर मान खाली घालून बसले होते. किती लग्नं, किती बारशी, किती पाहुणे! सगळ्यांना आपण हाताने ओतून काय पाजलं, हे आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढून इद्दरने मान वळवली. आता तो हसत नव्हता.

“बीही, माझ्या पोटात राहील हे.”

“तुझ्या पोटात आजवर काय राहिलंय?”

“हे राहील. मारूफला सांग की, ओव्याचं झुडूप वाळलं म्हणून चव गेली. मीही हो म्हणेन. तुझी लाज ती माझी लाज. खेचर तर माझंच होतं ना.”

इद्दर खरंच गप्प राहील, हे दा बीहींना कळलं, आणि त्यामुळे गोष्ट आणखी अवघड झाली. नुसतं तोंड मिटून बसलं की काम भागत होतं. मान तसाच राहणार, तबक पुढ्यात येत राहणार. घरी पोचले तर कलथूम तिलीलाचे लोकरी कपडे घडी करून पिशवीत भरत होती. तिलीला पिशवीवर बसली होती.

“आजोबा, कासाब्लांकात टाकं असतं का हो?”

“नसतं, बाळा.”

“मग तिथे लोक काय पितात?”

“नळाचं पितात.”

“अय्या! म्हणजे सगळं शहरच दवाखाना?” आणि तिने तोंड वाकडं केलं.

कलथूमला हसू आलं. दा बीहींनाही एरवी आलं असतं. आज त्या वाकड्या तोंडात त्यांना आपलंच तोंड दिसलं, आणि सलाईनची नळी लावलेला तो बारका हात दिसला. हे तोंड आपण तिला शिकवलं. पोरीच्या पोटात जे गेलं ते आपल्या हौसेपायी गेलं. ते पाठ फिरवून अंगणात गेले, थोडा वेळ उगाच पुदिन्याच्या वाफ्यात उभे राहिले आणि परत आले.

“कलथूम, उद्या मारूफला नळाचं पाणी लागेल. मोठ्या पसरट परातीत काढून वर नुसतं फडकं टाकून ठेव. वास उडून जातो म्हणालीस ना तू कधीतरी?”

“कधीतरी? नळ आल्यापासून सांगतेय, बाबा. तुम्ही ऐकता कुठे? पण चहाला तर तुम्ही टाक्याचंच घेणार; पेले विसळायला वास उडवायची काय गरज?”

“तू ठेव तर खरं.”

मारूफ म्हणजे पेरणीआधीचं गावजेवण. पिराच्या दर्ग्याजवळच्या मोकळ्या जागेत सगळं तिमझार जमलं होतं, तिस्सलीचे लोकही आले होते. मोठ्या हंड्यांखालचे जाळ विझत आले, जेवणं आटोपली, आणि तबक दा बीहींसमोर आलं. कुणीतरी ओरडलं, “दा, सापडलं का टाक्याचं हरवलेलं?”

“सापडलं.”

बायकाही पुढे सरकल्या. इद्दरने मित्राकडे बघून ‘ओव्याचं झुडूप’ अशी ओठांची हालचाल केली.

“इद्दर, ओठ हलवू नकोस, मी सांगतोय,” दा बीही म्हणाले. घसा खाकरला. “आपल्या पाण्याचा कस होता इद्दरच्या खेचराचा. ते आपल्या फरशीवर उभं राहून जे काय करायचं ते पावसाबरोबर टाक्यात जायचं. खेचर गेलं, कस गेला. आता ते खेचर तिस्सलीला आहे, आणि आजच्या घडीला तिस्सलीचं पाणी या अख्ख्या डोंगरात चवीला एक नंबर आहे. मी स्वतः पिऊन आलोय.”

काही क्षण कुणाला कळेनाच की हसायचं की काय करायचं. मग बायकांमधून एक खिदळणं फुटलं आणि बांध फुटावा तसं सगळं गाव हसत सुटलं. कुणी गुडघे बडवत होतं, कुणी शेजाऱ्याच्या खांद्यावर पडत होतं. हसले नाहीत ते फक्त तिस्सलीचे लोक. ते एकमेकांची तोंडं बघत होते. दा बीहींचे कान लालबुंद झाले होते, पण ते उठले नाहीत. हसू ओसरेपर्यंत तबकासमोर ताठ बसून राहिले.

“बरं झालं की मग!” मागून एकजण म्हणाला. “खेचर गेलं म्हणजे आपलं टाकं आता साफ. पिऊ तेच!”

“नाही,” दा बीही म्हणाले. “खेचराची निदान चव तरी लागत होती. ज्याची चवच लागत नाही असं त्यात आणखी काय काय असेल? आणि जिला खेचर गोड लागलं त्या जिभेने गावाला पाणी निवडून द्यायचं का? पाण्याचा निवाडा यापुढे माझ्याकडे नको. तो कलथूमकडे. माझ्याकडे फक्त चहा.”

नळाच्या पाण्याची परात त्यांच्यापुढे आली. त्या पाण्याचा त्यांनी चहा केला. चहादाणी हातभर उंच गेली, धार मोडली नाही. फेस बसला. पेले फिरले, लोकांनी घोट घेतले आणि सगळे दा बीहींच्या तोंडाकडे बघायला लागले. त्यांनी पेला संपवला आणि दुसरा भरला. मग मंडळींमध्ये पुन्हा बोलणी सुरू झाली.

फक्त तिलीला अजून समोर उभी होती. चहा काय, तो सगळेच पितात; तिला प्यायचं होतं ते साधं पाणी. दा बीहींना ते कळलं. त्यांनी कलथूमच्या बाजूचा डबा ओढला. त्यात सकाळी नळावरून भरलेलं पाणी होतं, न उकळलेलं, वाससुद्धा न उडवलेलं. त्यांनी पेलाभर ओतलं आणि नातीच्या डोळ्यांदेखत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं. घशाला सवय नव्हती, गिळताना गळ्याची घाटी मोठी वरखाली झाली. तोंड मात्र सरळ होतं.

“कसं आहे?” तिलीलाने विचारलं.

“वास येतो,” दा बीही म्हणाले. “दवाखान्याचाच येतो, खोटं कशाला बोलू? पण यात खेचर नाही. पी.”

तिने पेला दोन्ही हातांनी धरला. पिताना ती एकसारखी आजोबांच्या तोंडाकडे बघत होती. एकदा तिचे ओठ वाकडे व्हायला लागले, पण समोर काही हाललं नाही, तेव्हा तिनेही सरळ केले. पेला रिकामा झाला.

“अजून,” ती म्हणाली.

कलथूम पदराने तोंड झाकून हंड्यांच्या मागे गेली. तिथून तिने फोन लावला.

“मबारक,” ती म्हणाली, “तेलाचे डबे हलवू नकोस. आम्ही येत नाही.” मग पलीकडचं ऐकून तिने डोळे पुसले. “अरे, काय झालं म्हणून काय विचारतोस? बाबा पाणी प्यायले.”